मदत हवी आहे : खाऱ्या पाण्याच्या टाकीत दगडातनं टक् टक् आवाज आणि गोगलगायी फुटायल्यात

नमस्कार मंडळी, बेळगावहून लिहितेय, टिळकवाडीत राहतो आम्ही. घरी चार फुटी खाऱ्या पाण्याची माशांची टाकी आहे. क्लाउनफिशची जोडी, एक डॅमसेल, क्लीनर श्रिंप, टर्बो गोगलगायी आणि दोन हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) एवढा संसार. हायड्रोमीटरवर खारेपणा १.०२५, तापमान २६ च्या आसपास, नायट्रेट पण बरं आहे. नळाला राकसकोपचं पाणी येतं पण टाकीला मी आरओचंच घालते. त्यामुळे पाण्याचं काही नसावं असं वाटतं.

पुण्यातले एकजण टाकी बंद करत होते, त्यांच्याकडनं जुने लाईव्ह रॉक (बारीक जीव वसलेले समुद्री दगड) घेतले, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणले. तेव्हापासनं टाकीत असं काय काय दिसायलंय की ते मी आणलेलंच नाही.

पहिलं म्हणजे दगडाच्या फटीत तपकिरी पारदर्शक देठ आणि वर बारीक टेंटॅकलचा झुपका, बोट जवळ नेलं की सप्पकन आत. एक होतं, आता खालच्या दगडावर पण आलेत. दुसरं, टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून रात्री बघितलं (लाल उजेडात ही मंडळी पळत नाहीत) तर वाळूतनं गुलाबी तपकिरी किडा, दोन्ही बाजूंना पांढरे केस, माशांचं उरलेलं खाणं ओढून नेत होता.

पण खरी काळजी तिसऱ्याची आहे. लाईट बंद झाल्यावर मधल्या मोठ्या दगडांतनं आवाज येतो, अडकित्त्यानं सुपारी फोडावी तसा, बाहेरच्या खोलीत ऐकू येतो. सकाळी गोगलगाय मेलेली आणि शंखाचा ओठ तुटून तुकडे वाळूत पडलेले. आधी हर्मिटवर संशय होता, पण त्यांनी खाल्लं तर शंख अख्खा राहायला पाहिजे ना? आता श्रिंपची भीती वाटायलीये, तिला मुलगी रोज हातानं खाऊ घालते.

इथल्या एका दुकानात विचारलं तर कॉपरचं औषध टाका, सगळं मरतंय म्हणाले. तसं नकोय मला. एकजण म्हणाले दगडच टाकून द्या, मालवणच्या किनाऱ्यावरनं दुसरे आणा. काय करू? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

प्रतिसाद, निपाणीहून

ताई, कॉपर अजिबात टाकू नका. माशांचा रोग घालवायच्या डोसलाच श्रिंप, गोगलगायी, खेकडे सगळे जातात, आणि दगड, वाळू ते शोषून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडत राहतात. त्या टाकीत परत श्रिंप ठेवायची पंचाईत. मालवणचं पण डोक्यातनं काढा, तिथं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात येतात.

तुमचा केसाळ किडा ब्रिसल वर्म वाटतो, त्याला राहू द्या, सफाई कामगार आहे तो. फार वाढले तर खाणं कमी करा, आपोआप कमी होतात. फक्त उघड्या हातानं धरू नका, केस बोटात मोडतात. मोडलेच तर चिकटपट्टी लावून ओढा.

देठवालं एप्टेशिया आहे, दगडाला चिकटून पसरणारं उपद्रवी सी-ॲनिमोन. ते खरवडू नका, एवढासा तुकडा राहिला तरी त्याचं नवीन होतं, म्हणूनच एकाचे इतके झालेत. काल्कवासर म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या, आरओच्या पाण्यात दाट कालवा, पंप बंद करून सुई काढलेल्या सिरिंजनं थेट तोंडावर सोडा. एका वेळी दोन-तीनच करा, नाहीतर पीएच चढतो. पेस्ट बसू द्या, मग पंप चालू.

आता तो टक् टक् वाला. पिस्तुल श्रिंप पण आवाज करते, पण ती शंख फोडत नाही. फुटलेले तुकडे म्हटल्यावर मला मँटिस श्रिंपच (दगडाच्या भोकात राहणारी, कोळंबीसारखी दिसणारी शिकारी) वाटते, तीही ठोसा मारणारी जात. हात घालू नका ओ, बोट फोडते ती, मोठे लोखंडी चिमटे वापरा. आधी कुठल्या दगडात आहे ते शोधा : संशयाचे दगड रात्री वेगवेगळ्या बादल्यांत टाकीच्याच पाण्यात ठेवा, प्रत्येकीत हवेचा दगड (एअर पंपाच्या नळीला लावतात तो) सोडा, आणि ऐकत बसा. बादली सापडली की तो दगड पाण्यावर उचलून धरा, भोकात सिरिंजनं साधं सोडावॉटर मारा (लिंबू-साखरेचं नव्हे), कार्बन डायऑक्साइडनं ती गुदमरून बाहेर येते. दगड टाकीच्या पाण्यानं खळबळून परत ठेवा. ते जमत नसेल तर सापळा करा : बाटलीचा गळा कापून उलटा बसवा आणि आत कोळंबीचा तुकडा घालून रात्रभर टाकीत ठेवा.

बेळगावहून

खूप धन्यवाद दादा, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. उद्याच बादल्या मांडते. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. इथं पावसाळ्यात लाईट जातीच, तेव्हा बादल्यांचं काय? आणि ती सापडली तर मारायचीच का? मला ते बरं वाटत नाही.

निपाणीहून

बॅटरीवरचा एअर पंप मिळतो, एक घेऊन ठेवा, टाकीलाही कामाला येतो. मारायची काही गरज नाही, एक दगड आणि पाईपचा तुकडा घालून छोट्या टाकीत एकटीला ठेवा, शिंपल्या-कोळंबीवर चांगली जगते. समुद्रात किंवा मार्कंडेय नदीत मात्र सोडू नका. सापडली की फोटो टाका, भाल्यासारख्या नांग्या असतील तर जात वेगळी, मग गोगलगायी फोडणारा दुसराच कोणी आहे असं धरून मोठ्या केसाळ खेकड्याला शोधावं लागेल.