लिनक्सवर आवाज तुटणे आणि उशिरा येणे : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

बी-६०२ : सर्वांना नमस्कार. गणेशोत्सवातील कार्यक्रमासाठी मुलीचे गाणे आम्ही घरीच रेकॉर्ड करत आहोत, कारण घोडबंदर रोडच्या वाहतुकीतून स्टुडिओ गाठणे तिच्या शाळेच्या वेळेत बसत नाही. लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि माइक यूएसबी ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे माइकचा आवाज संगणकात पोहोचवणाऱ्या छोट्या उपकरणाला, जोडला आहे. तिला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किंचित उशिरा ऐकू येतो, त्यामुळे लय ढळते. शिवाय मधेच ‘टक्’ होऊन सूर तुटतो. नवा लॅपटॉप घ्यावा का?

डी-११०४ : ताई, कृपया घाई करू नका. या दोन्ही तक्रारी बफरशी, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचे जेवढे नमुने (सूक्ष्म तुकडे) साठवून हाताळतो त्या साठ्याशी, निगडित आहेत. बफर १०२४ नमुन्यांचा आणि वेग सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा असेल, तर एका बफरलाच सुमारे २१ मिलिसेकंद लागतात आणि आवाज आत येऊन पुन्हा बाहेर पडेपर्यंत उशीर आणखी वाढतो. बफर २५६ चा केला, तर तेच सुमारे ५ मिलिसेकंदांवर येते. पण मग प्रोसेसरने प्रत्येक वेळी तेवढ्याच अवधीत काम संपवले पाहिजे, आणि ते एकदा जरी चुकले, तरी ‘टक्’ ऐकू येते. त्याला एक्सरन म्हणतात. म्हणून बफरला हात लावण्याआधी अडथळा कुठे येतो, ते पाहावे. आपल्याकडे पाइपवायर (लिनक्सवर आवाज हाताळणारी यंत्रणा) असेल, तर टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप (pw-top) ही कमांड चालवून ‘टक्’ होते त्या क्षणी ईआरआर (ERR) या चुका मोजणाऱ्या रकान्यातील आकडा कोणत्या ओळीत वाढतो, ते कळवावे.

ए-२०३ : तारांचा गुंता नको म्हणून ब्लूटूथ हेडफोन वापरले तर चालेल का?

डी-११०४ : काका, गाणी ऐकायला ते उत्तम आहेत, परंतु गाताना नकोत. ब्लूटूथचा स्वतःचा उशीर बहुधा १०० मिलिसेकंदांच्या पुढे असतो आणि बफर कितीही लहान केला, तरी तो जात नाही.

बी-६०२ : रेकॉर्डिंग प्रोग्रॅमच्या ओळीतील आकडा स्थिर आहे, पण इंटरफेसच्या ओळीतील वाढतो. इंटरफेस हबला जोडला आहे आणि लॅपटॉप वीजबचतीच्या मोडवर आहे.

डी-११०४ : मग प्रोग्रॅम जड नाही, ऑडिओच्या कामाला वेळेवर पाळी मिळत नसावी. लॅपटॉप चार्जरला लावून परफॉर्मन्स मोड निवडावा, इंटरफेस हबऐवजी थेट पोर्टला जोडावा आणि रिअलटाइम प्राधान्यासाठी, म्हणजे आवाजाच्या कामाला इतर कामांआधी पाळी मिळावी म्हणून, आरटीकिट (rtkit) ही सेवा चालू आहे का, ते तपासावे. रिअलटाइम कर्नलची (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) सोय २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्येच आली आहे, पण घरच्या एका माइकसाठी त्याची गरज पडू नये, असे मला मनापासून वाटते.

बी-६०२ : तसे केल्यावर आकडा वाढणे थांबले आहे, परंतु उशीर तसाच आहे.

डी-११०४ : इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचे बटण असेल, तर ते चालू करावे. त्यामुळे तिचा आवाज संगणकात न शिरता सरळ हेडफोनमध्ये येतो आणि बफर १०२४ चाच ठेवता येतो. मात्र प्रोग्रॅममध्ये त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग (गाताना तो आवाज हेडफोनमध्ये ऐकवणे) बंद करावे, अन्यथा थेट आवाजामागोमाग उशिराचाही ऐकू येईल आणि मुलगी पुन्हा गोंधळेल.