मदत हवी आहे: वेताळाच्या वेशात मुलाखती घेताना माइक कुठे लावावा?

१९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी वाचकांच्या घरोघरी पोचलेल्या वेताळाच्या (फँटम या मुखवटाधारी नायकाच्या) वेशात मुंबई कॉमिक कॉन या कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्याला जाऊन, तिथे वेश करून आलेल्यांच्या छोट्या मराठी मुलाखती हौसेने ध्वनिमुद्रित करण्याचा माझा मनापासून विचार आहे. अडचण आवाजाची आहे. कॉलर माइक छातीवर लावला, तर वेशाच्या लायक्राच्या (अंगाला घट्ट बसणाऱ्या ताणदार कापडाच्या) घासण्याची खरखर येते. आतून चिकटपट्टीने बसवला, तर घामाने तो अर्ध्या तासात सुटतो. आणि फोन समोर धरला, तर गर्दीचाच आवाज भरतो. टोपडे कानांवरून येत असल्याने इयरफोन लावून मध्येच तपासताही येत नाही. साधे तिकीट आहे, प्रेस पास नाही. सोबत मदतनीस नाही आणि खर्च दोन हजारांच्या आतच हवा. अशा गोंगाटात समोरच्याचे बोलणे स्वच्छ यावे, यासाठी कोणत्या प्रकारचा माइक घ्यावा आणि तो नेमका कुठे बसवावा?