मदत हवी आहे: दोन अ‍ॅम्प एकत्र लावले की मोठा हम येतो, शनिवारी कार्यक्रम आहे

गिरणाकाठ (भडगाव):
पेडलबोर्डवरून दोन अ‍ॅम्प चालवायचे आहेत. एक क्लीनला, एक डिस्टॉर्शनला, काही ठिकाणी दोन्ही एकदम. एबीवाय बॉक्स (गिटारचा सिग्नल ए, बी किंवा दोन्ही अ‍ॅम्पना देणारा स्विच) जोडला आणि घूंऽऽ असा हम सुरू झाला. केबल बदलल्या, पेडल एकेक काढून पाहिले, काही फरक नाही. दुसरा कोणता बॉक्स घेऊ तेवढं सांगा, शनिवारी कार्यक्रम आहे.

सोल्डरधूर (जळगाव):
बॉक्स राहू द्या आधी. अ‍ॅम्प व्हॉल्वचे की ट्रान्झिस्टरचे? बॉक्स पॅसिव्ह आहे की अडॅप्टरवर चालणारा? एकच अ‍ॅम्प जोडला तर हम येतो का? दोन्ही अ‍ॅम्पच्या पिना कुठे खोचल्या आहेत? एवढं कळल्याशिवाय बॉक्स सुचवणं म्हणजे तुमचे पैसे वाया घालवणं.

केळीबाग (रावेर):
दोन अ‍ॅम्प हवेतच कशाला? एक मल्टिइफेक्ट घ्या, त्यात दोन अ‍ॅम्पचे आवाज मिळतात, स्टिरिओ आउटपुट थेट मिक्सरला द्या. बोर्डही हलका होतो.

सहातारा (धुळे):
हा ग्राउंड लूप (अर्थ दोन वाटांनी जुळून झालेलं कडं) आहे, डोळे झाकून सांगतो. एका अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी पिन काढा, हम जातो.

वायरमनभाऊ (नंदुरबार):
सहातारा, हा सल्ला मागे घ्या. गिटारच्या तारा केबलच्या शील्डमधून (सिग्नलच्या तारेभोवतीची जाळी) अ‍ॅम्पच्या चेसिसला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात. पिन काढलेल्या अ‍ॅम्पमध्ये फेज चेसिसला लागला तर अर्थिंगला जायला वाट उरते ती फक्त केसासारख्या बारीक शील्डची. ती केबल निघाली किंवा तुटली की चेसिसवर 230 व्होल्ट, आणि समोर ओठाला लागलेला माइक. तिसरी पिन कुठल्याही कारणासाठी काढायची नाही.

सहातारा (धुळे):
दुसरा अ‍ॅम्प अर्थला असतोच की. तरी ठीक आहे, पिन काढू नका. पण निदान माझं बरोबर आहे.

गिरणाकाठ (भडगाव):
केळीबाग भाऊ, अ‍ॅम्प आहेत, तेच वापरायचे आहेत. एक 15 वॉटचा व्हॉल्व, दुसरा 40 वॉटचा ट्रान्झिस्टर. बॉक्स पॅसिव्ह आहे. एकेकटा अ‍ॅम्प लावला तर शांत. दोन्ही केबल लावल्या की बटण ‘ए’वर असो की ‘बी’वर, हम येतोच. म्हणून तर बॉक्सच खराब वाटतो.

सोल्डरधूर (जळगाव):
बॉक्स चांगला आहे. बहुतेक एबीवायमध्ये बटण फक्त सिग्नलची तार तोडतं, ग्राउंड तिन्ही जॅकचा एकच असतो. म्हणून ‘ए’ दाबलं तरी दोन्ही अ‍ॅम्पचे चेसिस शील्डने जोडलेलेच राहतात. दोघांचा अर्थ भिंतीतही जोडलेला, म्हणजे कडं पूर्ण झालं. त्यात 50 हर्ट्झचा प्रवाह फिरतो आणि तोच अ‍ॅम्प मोठा करून ऐकवतो.

खात्री करायची तर बॉक्सच्या इनपुटमधली केबल उपसा. तरीही हम राहिला तर पेडल आणि गिटार दोन्ही निर्दोष. मग अ‍ॅम्पकडच्या केबल बॉक्समधून काढा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि त्या केबलच्या दोन्ही मोकळ्या प्लगच्या बाहेरच्या भागांमध्ये किती दाखवतो ते पाहा. उघड्या धातूला हात लावू नका. सॉकेटचा प्रश्न राहिलाच, त्याचं उत्तर द्या.

ट्रेमोलो (भुसावळ):
स्पीकर आउटपुटला मात्र हा बॉक्स चुकूनही लावू नका. व्हॉल्व अ‍ॅम्पला लोड (स्पीकर) नसताना वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

गिरणाकाठ (भडगाव):
स्पीकरला कोण लावतंय? बॉक्सची केबल काढूनही हम आहे. मीटर 2.6 व्होल्ट दाखवतो. व्हॉल्व अ‍ॅम्प घराच्या बोर्डात आहे, दुसरा मागच्या खोलीत मोटारसाठी वेगळं अर्थिंग केलंय, तिथून वायर ओढून.

वायरमनभाऊ (नंदुरबार):
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. अर्थिंगचे दोन वेगळे खड्डे, व्होल्टच्या दोन वेगळ्या पातळ्या, मधला फरक तुमच्या शील्डमधून वाहतो. दोन्ही अ‍ॅम्प आणि पेडलचा अडॅप्टर एकाच तीन पिनी एक्स्टेंशनवर घ्या. त्याआधी त्या सॉकेटात फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजा. पहिले दोन आकडे 230च्या आसपास आणि जवळपास सारखे, तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत.

केळीबाग (रावेर):
आपल्याकडे काळी जमीन, मे महिन्यात भेगा पडतात, खड्डा कोरडा होतो. मीठ-कोळसा घालून रोज बादलीभर पाणी टाका.

वायरमनभाऊ (नंदुरबार):
पाण्याचं बरोबर. मीठ मात्र खड्ड्यातला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप खातं, वारंवार घालू नका. आणि खड्डा कितीही चांगला केला तरी लूप तुटत नाही, ते वेगळं काम आहे.

गिरणाकाठ (भडगाव):
एका एक्स्टेंशनवर घेतलं. आकडे 232, 231 आणि 1.4. हम पुष्कळ उतरला, पण डिस्टॉर्शन लावलं की अजून ऐकू येतो. दोन्ही चालू केले की बेस गायब, आवाज चपटा. बटण दाबलं की टक् पण होतं.

सोल्डरधूर (जळगाव):
उरलेल्या हमला एका आउटपुटवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारा थेट न जोडता सिग्नल पलीकडे नेणारा) हवा. तयार हवा तर रॅडियलचा बिगशॉट एबीवाय किंवा लेहलेचा पी-स्प्लिट. बॉसचा एलएस-2 चांगला असला तरी त्यात ट्रान्सफॉर्मर नाही, यासाठी घेऊ नका.

शनिवारपर्यंत हातानेच करायचा तर 10 किलोओहम : 10 किलोओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर आणि दोन जॅक. ‘बी’कडून येणारी टिप (प्लगचं टोक) आणि स्लीव्ह (प्लगचा बाहेरचा भाग) प्रायमरीच्या (आत येणाऱ्या वेटोळ्याच्या) दोन टोकांना, सेकंडरीची (बाहेर जाणाऱ्या वेटोळ्याची) दोन टोकं बाहेरच्या जॅकला. लोखंडी डबी घेणार असाल तर बाहेरचा जॅक प्लास्टिक अंगाचाच हवा. धातूचा लावला तर डबीतून दोन्ही स्लीव्ह पुन्हा जुळतात आणि सगळी मेहनत फुकट जाते. हीच चूक सगळ्यात जास्त होते. मोडेममधला 600 : 600 घेऊ नका, गाभा छोटा असल्याने बेस पातळ होतो. अडॅप्टरपासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर ट्रान्सफॉर्मरच हम ओढतो.

बेस जातो कारण एक अ‍ॅम्प सिग्नल उलटा करत असणार. दोघांच्या स्पीकरचे पडदे एकमेकांविरुद्ध हलतात. सेकंडरीच्या दोन तारा अदलाबदल करा. सगळ्यात जाड ई तार मोकळी वाजवा, ज्या जोडणीत जाड ऐकू येईल ती ठेवा.

सहातारा (धुळे):
बफर (सिग्नल कमकुवत होऊ न देणारं सर्किट) राहिला. दोन अ‍ॅम्पचे 1 मेगाओहमचे इनपुट समांतर आले की पिकअपला 500 किलोओहमच दिसतो, वर 10 किलोओहमचा ट्रान्सफॉर्मर. ट्रेबल मरणार. शेवटचं पेडल कोणतं?

गिरणाकाठ (भडगाव):
शेवटी बॉसचा टीयू-3 ट्यूनर.

सहातारा (धुळे):
मग बफर आहेच, तो तिथेच राहू द्या. टक् आवाजाला प्रत्येक आउटपुटच्या टिप आणि स्लीव्हमध्ये 1 मेगाओहमचा रेझिस्टर. कॅपॅसिटरमधून झिरपलेला डीसी त्यातून निघून जातो. थोडा टक् राहील, तो स्विचच्या यंत्राचा.

गिरणाकाठ (भडगाव):
ट्रान्सफॉर्मर जळगावहून मागवला, बसवला. हम गेला. तारा बदलल्यावर बेस आला. शनिवारी लॉनवर जनरेटर आहे, तिथे काय बघू?

वायरमनभाऊ (नंदुरबार):
जनरेटरची बॉडी अर्थ केली आहे का ते विचारा, आणि तेच तीन आकडे तिथे पुन्हा मोजा. फेज-अर्थ 230च्या जवळ न येता मधेच कुठेतरी, शंभरच्या आसपास लटकला, तर अर्थ जोडलेला नाही, अ‍ॅम्प लावू नका. सगळं जोडल्यावर गिटार गळ्यात घालायच्या आधी माइकच्या जाळीत आणि गिटारच्या ब्रिजमध्ये एसी व्होल्ट मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसलं तर आधी माइकवाल्याला मिक्सरही तुमच्याच लाइनवर घ्यायला सांगा.