घाटघर आणि नाँ द द्राँस: पंप चालू व्हायला वेळ का लागतो, आणि अर्ध्या लोडवर का चालत नाही?

ऐरोलीकर_विद्युत
नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या डिप्लोमाच्या मुलांना घाटघर उदंचन प्रकल्प (पाणी पंपानं वरच्या तलावात चढवायचं आणि गरजेला तेच खाली सोडून वीज करायची) दाखवायला न्यायचं आहे. त्याआधी वर्गात आल्प्समधल्या एखाद्या प्रकल्पाशी तुलना करून शिकवायचं ठरवलंय. घाटघरला १२५ मेगावॉटचे दोन संच, हेड (वरच्या-खालच्या पाणीपातळीतला फरक) ४१० मीटरच्या आसपास, खालचं धरण आपल्या शहापूर तालुक्यात चोंढ्याला. स्वित्झर्लंडच्या नाँ द द्राँसला १५० मेगावॉटचे सहा संच, २०२२ पासून चालू. दोन गोष्टी नीट समजावून हव्यात. टर्बाइन म्हणून संच दीड-दोन मिनिटांत लोड घेतो, मग पंप म्हणून चालू व्हायला पाच-सात मिनिटं का लागतात? आणि नाँ द द्राँसला पंपाचा लोड कमी-जास्त करता येतो, तो घाटघरसारख्या संचात का येत नाही? पुस्तकात दोन ओळींत गुंडाळलंय.

स्फेरिकल_व्हॉल्व्ह
पहिल्याचं उत्तर देतो, मुलांना याच क्रमानं सांगा.

टर्बाइनला फिरवणारं पाणी वर तयारच असतं. मेन इनलेट व्हॉल्व्ह उघडा, गाइड व्हेन (रनरभोवतीची, पाणी कमी-जास्त करणारी पाती) थोड्या उघडा, संच स्वतःच वेग घेतो. पंपाला मात्र उभ्या मशिनपासून पूर्ण वेगापर्यंत मोटरनंच न्यावं लागतं, तेही उलट्या दिशेनं. पाण्यात बुडालेला रनर (टर्बाइन-पंपाचं फिरणारं चाक) तसाच फिरवायला गेलात तर सुरुवातीलाच प्रचंड ताकद खर्च होते. म्हणून आधी गाइड व्हेन आणि इनलेट व्हॉल्व्ह बंद ठेवून रनरच्या खोलीत दाबाची हवा सोडतात आणि पाणी ड्राफ्ट ट्यूबमध्ये (रनरखालच्या नळात) रनरच्या खाली ढकलतात. रनर टेल वॉटरच्या (खालच्या तलावाच्या पाणीपातळीच्या) ५० मीटर खाली असेल, तर नुसतं पाणी अडवून धरायलाच सुमारे ५ बार दाब लागतो. मशिन इतकी खोल बसवतात ती पंप चालताना कॅव्हिटेशन (दाब पडून वाफेचे बुडबुडे होणं आणि धातू खाल्ला जाणं) होऊ नये म्हणून. भूमिगत पॉवर हाऊसचं मुख्य कारण हेच.

पुढे फेज उलटवणारा आयसोलेटर (फिरण्याची दिशा बदलणारा स्विच) पंपाच्या बाजूला घेतात, थ्रस्ट बेअरिंगला दाबाचं तेल देतात आणि स्टॅटिक फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर मोटरला शून्यापासून ५० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढवतो. सिंक्रोनाइझ झालं (ग्रिडशी ताल जुळला) की ब्रेकर बंद होतो आणि कन्व्हर्टर बाजूला होतो. आता संच हवेत फिरतोय, ग्रिडमधून जेमतेम काही मेगावॉट घेतोय. मग हवा बाहेर सोडतात, पाणी रनरपर्यंत चढतं, गाइड व्हेन अजून बंदच असताना त्यांच्या आतल्या बाजूला दाब तयार होतो. याला प्रायमिंग म्हणतात. तो दाब पुरेसा झाला की इनलेट व्हॉल्व्ह, मग गाइड व्हेन, आणि लोड थेट पूर्ण.

गडबड होते ती बहुधा अशी. गाइड व्हेनच्या कडा झिजल्या की पाणी आत झिरपत राहतं, खाली ढकललेली पातळी टिकत नाही आणि हवा पुन्हा पुन्हा भरावी लागते. दोन-तीनदा स्टार्ट फसला तर हवेच्या टाक्यांचा दाब उतरतो, कॉम्प्रेसर त्या परत भरेपर्यंत थांबण्याशिवाय इलाज नाही. हवेत फिरताना लॅबिरिंथ सीलला (रनरभोवतीच्या बारीक फटींच्या सीलला) थंड पाणी मिळालं नाही तर सील तापून घासते, म्हणून त्या पाण्याचा फ्लो स्विच बायपास करायचा नाही, कितीही घाई असली तरी. प्रायमिंगचा दाब मोजणारी बारीक नळी गाळानं तुंबली तर दाब असूनही सिक्वेन्स पुढे सरकत नाही, टाइम आउट होऊन ट्रिप. आणि दाब तयार होण्याआधीच गाइड व्हेन उघडल्या तर वरचं पाणी उलटं घुसतं आणि पूर्ण संच थरथरतो.

एका केंद्रात कन्व्हर्टर बहुधा एकच असतो, त्यामुळे संच एकामागून एक चढवावे लागतात.

कन्व्हर्टरवाला_बेलापूर
दुसऱ्या प्रश्नाचं मूळ असं: पंप ठरावीक वेगानं फिरतोय आणि हेड ठरलेलं आहे, म्हणजे तो किती पाणी फेकणार हेही ठरलं. गाइड व्हेन आवळून लोड कमी करायला गेलात तर कार्यक्षमता पडते आणि कंपनं वाढतात, म्हणून तो मार्ग कोणी धरत नाही. घाटघरसारखा ठरावीक वेगाचा संच पंपिंगला लागला की १२५ मेगावॉटच्या आसपासचा आख्खा बोजा ग्रिडवर एकदम येतो. ऐरोलीच्या लोड डिस्पॅच सेंटरला तो आधीपासून हिशेबात धरावा लागतो.

वेग बदलता आला तर चित्र पालटतं, कारण पंपाची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. नाँ द द्राँसचे संच मिनिटाला सुमारे ४२८ फेऱ्यांवर आणि त्याच्या ७ टक्के वर-खाली चालतात. ०.९३ चा घन सुमारे ०.८०, १.०७ चा सुमारे १.२२. म्हणजे वेगात एवढासा फरक, पण लोडमध्ये मोठा पट्टा मिळतो. तिथे स्टेटर (मशिनचा स्थिर भाग) नेहमीसारखा ग्रिडला जोडलेला असतो. रोटरवर (फिरत्या भागावर) मात्र तीन फेजचं वाइंडिंग असतं आणि स्लिप रिंगमधून कन्व्हर्टर त्याला हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा करंट देतो. कन्व्हर्टरमधून फक्त स्लिपएवढीच (ठरावीक वेगापासून जेवढा फरक, तेवढीच) शक्ती जाते, म्हणून तो आख्ख्या संचाच्या क्षमतेचा लागत नाही. शिवाय स्टेटर शॉर्ट करून तोच कन्व्हर्टर पंप चालूही करून देतो, वेगळा लागत नाही. त्रास आहे तो स्लिप रिंगचा: ब्रशची कार्बनची भुकटी वेळच्या वेळी काढली नाही तर इन्सुलेशन रेझिस्टन्स घसरतो.

वेग बदलण्याचं तिथलं आणखी मोठं कारण हेड आहे. वर व्ह्यो-एमोसाँ, खाली एमोसाँ. दोन्ही तलावांच्या पातळ्या हलतात, त्यामुळे हेड साधारण २५० ते ३९० मीटरमध्ये फिरतं. एकाच वेगावर या सगळ्या पट्ट्यात पंप नीट चालवणं कठीण. आपल्याकडे टिहरीच्या २५० मेगावॉटच्या चार संचांना बदलता वेग दिलाय तोही याच कारणानं. तिथल्या जलाशयाची पातळी ९० मीटरच्या पट्ट्यात खेळते.

वर्गासाठी हिशेब: व्ह्यो-एमोसाँत २.५ कोटी घनमीटर पाणी. २.५ कोटी × १००० किलो × ९.८१ × ३२० मीटर × ०.९, भागिले ३६ लाख, उत्तर सुमारे १.९६ कोटी युनिट. या केंद्राची साठवण २ कोटी युनिट सांगतात ती अशी येते. मुलांकडून फळ्यावर करून घ्या.

ऐरोलीकर_विद्युत
दोघांचेही मनापासून आभार. मग घाटघरला हा बदलता वेग नंतर बसवता येईल का? मुलं हे विचारणारच.

कन्व्हर्टरवाला_बेलापूर
येईल, पण माझ्या मते घाटघरला त्याची निकड कमी. वरचं धरण जेमतेम १५ मीटर उंचीचं, वरच्या तलावाची पातळी फारशी हलतच नाही. फायदा राहतो तो पंपिंगचा लोड ग्रिडच्या गरजेप्रमाणे हलवण्याचा. त्यासाठी रोटर बदलायचा तर नव्या रोटरचं वजन क्रेनला झेपतं का आणि गुहेत कन्व्हर्टरला जागा आहे का, हे आधी तपासावं लागेल. दुसरी वाट ग्रिमझेल २ ची: तिथे २०१३ मध्ये एका संचाला १०० एमव्हीएचा पूर्ण क्षमतेचा कन्व्हर्टर स्टेटरच्या बाजूनं जोडला. मशिन तीच राहते, कन्व्हर्टर मात्र मोठा आणि महाग.

स्फेरिकल_व्हॉल्व्ह
तिसरी वाट ऑस्ट्रियातल्या कॉप्स २ ची, हे केंद्रही घाटघरसारखंच २००८ चं. तिथे एकाच शाफ्टवर पेल्टन टर्बाइन, मोटर-जनरेटर आणि वेगळा पंप. पंप पूर्ण लोडवर ठेवून टर्बाइनही चालवतात, टर्बाइनला जाणारं पाणी पंपाकडूनच येतं. पंपाला १५० मेगावॉट लागत असताना टर्बाइननं ६० दिले तर ग्रिडवर भार पडतो ९० चाच. पंप आणि टर्बाइन एकाच दिशेनं फिरतात, त्यामुळे एका कामातून दुसऱ्यावर जायला संच थांबवावा लागत नाही. घाटघरला एकच रनर दोन्ही कामं करतो, दिशा बदलायला आधी पूर्ण थांबावंच लागतं.

भेटीत कंट्रोल रूमच्या स्क्रीनपाशी पाच मिनिटंच मिळाली, तर मुलांना प्रायमिंगचा दाब आणि मेगावॉट हे दोनच आकडे पाहायला सांगा. दाब चढला, गाइड व्हेन सुटल्या आणि मेगावॉट उडाले, हे एका स्टार्टमध्ये स्वच्छ दिसतं. मात्र पंपिंग बहुधा मध्यरात्रीनंतर किंवा दुपारी सौरवीज भरपूर असताना होतं, तेव्हा जायच्या आदल्या दिवशी शिफ्ट इन्चार्जना वेळ विचारून घ्या.