अनुभव धागा : टोमॅटो-अंड्याचा झणझणीत नाश्ता

रविवारी पोह्यांना सुट्टी देऊन आमच्याकडे हल्ली शक्शुका होतो. पदार्थ मूळचा ट्युनिशिया-लिबियाकडचा. तिथल्या ज्यू लोकांबरोबर इस्राएलला गेला आणि तिथलाच होऊन बसला. टोमॅटोच्या तिखट रश्श्यात अंडी फोडायची, झाकण ठेवायचं, बस्स. पण प्रत्येक घरी तो वेगळाच होतो म्हणे. तुमच्याकडे कसा होतो, लिहा.

वाशी
सगळा खेळ रस्सा आटवण्याचा. बाजारातले लांबट, जाड सालीचे टोमॅटो गर देतात पण आंबटपणा नाही. म्हणून निम्मे गावठी घेते. तेल सुटलं की कालथ्याने तळाशी रेघ ओढून बघायची. रेघ क्षणभर तशीच राहिली तर अंडी फोडा. लगेच पाणी भरून आलं तर थांबा, नाहीतर पांढरं पसरून नुसत्या चिंध्या होतात. अंडं आधी वाटीत फोडून, चमच्याने खळगा करून अलगद सोडायचं. आच मंद. झाकणावरचं पाणी आत गळू द्यायचं नाही. मी झाकणाला फडकं बांधते.

नौपाडा, ठाणे
बलक वाहता ठेवला की सासूबाई ताट पुढे सरकवतात. "अगं, हे कच्चं आहे!" त्यांचं अंडं वेगळं, पाच मिनिटं जास्त, वर कोथिंबीर. वाद मिटला.

ऐरोली
लोखंडी कढईत करू नका. टोमॅटोच्या आंबटपणाने रस्सा काळपट होतो आणि लोखंडाची चव उतरते. लोखंडी कढई ही आमच्या ह्यांची हौस, दुसरं काय. स्टील किंवा नॉनस्टिक बरं.

खारघर
रश्श्यात घालायचा हरिसा, म्हणजे तिकडची लाल मिरचीची चटणी, विकत कशाला? बेडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवा. लसूण, भाजलेलं जिरं, धणे, मीठ, तेल घालून वाटा. रंग बेडगीचा, तिखटपणासाठी दोन लवंगी. कांदा-लसूण मसाला घातला तर छान लागतं, पण मग ती आपली अंडा करीच. तिला शक्शुका म्हणू नये, असं माझं मत.

टेंभी नाका, ठाणे
आमच्या शेजारच्या पारशी आजी याच धर्तीवर 'टमेटा पर ईडु' करतात. त्यात किंचित साखर असते. मला तेच जास्त आवडतं, सांगून टाकते.

ठाणे पश्चिम
"ठाण्यात सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आहे, म्हणजे हा पदार्थ इथे जुनाच असणार," असं कुणीतरी मला सांगितलं. सिनेगॉग १८७९ चं आहे, खरं. पण इथले ज्यू म्हणजे बेने इस्रायली, ते कोकणातले. त्यांच्या स्वयंपाकात नारळ, मलिद्यात, म्हणजे त्यांच्या प्रसादात, गोड पोहे. शक्शुकाशी त्यांचा संबंध लावू नका.

सानपाडा
ब्रेड नको, लादीपाव. तोही तव्यावर न भाजता, सकाळचा मऊ. कडेचा घट्ट रस्सा पावाने पुसायचा. उरला तर संध्याकाळी त्यातच बटाटा घाला.