मदत हवी आहे: गोष्ट मूल सांगत असेल तर वाचकाला खरं कसं कळवायचं?

नमस्कार मंडळी. एक कथा लिहितेय, निवेदक चौथीतली मुलगी. वडिलांची नोकरी गेलीये, पण ते रोज डबा घेऊन ठरल्या वेळी बाहेर पडतात. मुलीला दिसतं ते इतकंच, की बाबांच्या चपला हल्ली लवकर झिजतात आणि आई भाजीवालीशी फार घासाघीस करते. ती खोटं बोलत नाही, तिला कळत नाही. वाचकाला मात्र कळायला हवं.

घोडं अडलंय भाषेपाशी. प्रकाश नारायण संतांच्या कथांतला छोटा निवेदक लंपन केवढं काय काय सांगून जातो, पण 'मॅडसारखं' म्हणत, स्वतःच्याच बोलीत. उलट जेम्स जॉइसच्या १९१४ च्या 'डब्लिनर्स'मधल्या पहिल्या तीन कथा मुलगाच सांगतो, तरी भाषा चक्क मोठ्या माणसाची. मागे वळून सांगितल्यासारखी. मला लंपनची वाट हवीय. पण माझी मुलगी दोन पानांत एकतर बोबडी होते, नाहीतर तत्त्वज्ञ. (लाडे लाडे बोलणारे बालनिवेदक मला वाचवत नाहीत.)

सध्याच्या खर्ड्यात आजी एका वाक्यात सगळं फोडते. ही पळवाट वाटते का? की चपला आणि भाजीवाली एवढ्यावर वाचक पोचेल? लिहिणाऱ्यांनी स्पष्ट सांगा.

आणि ओरडा बसेल म्हणून मूलच काहीतरी लपवतंय, अशी एखादी मराठी कथा आठवत असेल तर नक्की सुचवा. न कळणारी मुलं बरीच सापडली, लबाड सापडत नाहीयेत.