'टॉप २ टक्के' म्हणजे जगात नंबर नव्हे

बाळीवेस: काल आपल्या सोलापूरच्या या ग्रुपवर पोस्ट पडली, 'जेनेटिक्समधले आघाडीचे संशोधक, सायटेशननुसार क्रमवारी'. सायटेशन म्हणजे नंतरच्या एखाद्या लेखात तुमच्या पेपरचा दिलेला संदर्भ. खाली शेरा: 'ज्याचा एच-इंडेक्स मोठा तो शास्त्रज्ञ मोठा. यादीत सोलापूरचं कुणी नाही, यातच सगळं आलं.' हे वाचून गप्प बसवेना.

एच-इंडेक्स २००५ मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला: किमान एच सायटेशन मिळालेले एच पेपर असले की तो आकडा एच. कागदावर करून बघा. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा: ६०, ४१, २२, १५, ९, ७, ६. सहाव्याला ७, सातव्याला ६, म्हणून एच ६. आता पुढच्या लेखात स्वतःचाच सातवा पेपर एकदा सायट करा. एच ७ झाला, विज्ञान तसूभरही हललं नाही. उलट पहिल्या पेपरच्या ६० ची ६,००० झाली तरी एच जागचा हलत नाही.

त्यात जेनेटिक्समध्ये शेकडो लेखकांचे पेपर नेहमीचेच. फळमाशीच्या जिनोमवरचा २०१५ चा एक पेपर १,०१४ लेखकांचा आहे, त्यातले ९०० हून जास्त पदवीचे विद्यार्थी. प्रत्येकाच्या खात्यात तीच सायटेशन पूर्णच्या पूर्ण जमा!

होटगी रोड: पोस्ट माझीच. एच-इंडेक्सची ही खोड सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच स्टॅनफर्डचे इओअनिडिस आणि सहकाऱ्यांची 'टॉप २ टक्के' यादी, म्हणजे आपापल्या उपविषयात वरच्या २ टक्क्यांत बसणाऱ्या संशोधकांची यादी, सहा मापं धरते. एकूण सायटेशन, एच, सहलेखकांच्या संख्येनुसार दुरुस्त केलेला एचएम. मग एकट्याने लिहिलेल्या, एकटा किंवा पहिला लेखक असलेल्या, आणि एकटा, पहिला किंवा शेवटचा लेखक असलेल्या पेपरांची सायटेशन. फळमाशीच्या पेपरात मधेच नाव असलेला विद्यार्थी तिथे वर येत नाही. सेल्फ सायटेशन, म्हणजे स्वतःच स्वतःचा दिलेला संदर्भ, धरून आणि वगळून, दोन्ही आकडे देतात. अर्ध्या माहितीवर तावातावाने लिहू नका. आणि आकडे काढून टाकल्यावर उरतं काय? ओळख आणि वशिला.

केगाव नाका: सहा मापं मान्य. पण माणूस कुठल्या विषयात बसवायचा हे मुख्यतः पेपर ज्या नियतकालिकांत आले त्यावरून ठरतं. उपविषय १७४ आहेत. तेल्या रोगाला दाद न देणारं डाळिंब शोधणारा फळबागेच्या नाहीतर वनस्पतिशास्त्राच्या खणात जातो. जेनेटिक्सच्या रांगेत तो दिसणार कसा? संकर केल्यावर रोपाला फळ यायलाच दोन-तीन वर्षं, चाचण्या त्यापुढे. इथल्या डाळिंब संशोधन केंद्राने 'सोलापूर लाल' हा वाण दिला. शेतकरी बाग लावतो, सायटेशन देत नाही. मोहोळला मालदांडीतून निवडलेली एम ३५-१ ज्वारी आजही रब्बीत पेरतात, तिची नोंद कुठल्या एच-इंडेक्सात आहे?

सात रस्ता: वाणाचं राहू द्या, खरं दुखणं कॉलेजात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) प्राध्यापक-बढतीच्या २०१८ च्या नियमांत पेपरला सायटेशन किती हे विचारतच नाहीत, इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकाचं वजन सांगणारा आकडा, बघतात. १ ते २ असेल तर १५ गुण, १० च्या वर ३०. दोन लेखक असले तर दोघांनाही ७० टक्के. म्हणजे दोघांनी एकेक पेपर लिहून एकमेकांची नावं घातली की प्रत्येकी १०० च्या जागी १४०. ही अदलाबदल नियमातच बसते, पकडणार कोण?

होटगी रोड: विषय भरकटला. यात सायटेशनचा काय दोष?

सात रस्ता: भरकटला कसा? सोलापूरच्या प्राध्यापकाची बढती यावर अडते, तुमच्या जागतिक यादीवर नाही.

बाळीवेस: दोष आहे. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन भागिले त्या लेखांची संख्या. रब्बी ज्वारीचं पीक वर्षाला एकच. तीन हंगाम चाचणी घेऊन कुणी तुमचा पेपर सायट करेपर्यंत ती दोन वर्षं केव्हाच सरली. जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांचा मक्यातल्या उड्या मारणाऱ्या जनुकांवरचा पेपर १९५० चा, नोबेल १९८३ चं. कुठल्या दोन वर्षांत मोजणार होतात?

होटगी रोड: इम्पॅक्ट फॅक्टरवर माणूस मोजू नये, हे संशोधनाच्या मूल्यमापनावरच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने २०१२ मध्येच सांगितलंय, तिथे वाद नाही. सोलापूरबद्दलचा शेरा घाईचा होता, तो मागे घेतो. यादी मागे घेत नाही.

केगाव नाका: मग यादी टाकताना तीन गोष्टी लिहा. संपूर्ण कारकिर्दीची की एका वर्षाची, सेल्फ सायटेशन धरून की वगळून, आणि उपविषय कोणता.

होटगी रोड: लिहितो. क्रमांक मात्र काढणार नाही.